कर नाही त्याला डर कशाला?



व्याख्यानाचा विषय जाहीर झाला त्या दिवशी संध्याकाळी फिरावयास गेलो असता आमच्या मंडळींतील एका निवृत्त गृहस्थांनी मला अडविले. ते म्हणाले, "अहो, पोलिसांनी प्रश्न विचारला तर गप्प बसण्याचा हक्क, हा काय विषय झाला? ज्याने काही केले नाही तो सरळ सांगून मोकळा होईल. कर नाही त्याला डर कशाला?" मी त्यांना म्हटले, व्याख्यानाला या. ते आलेले आहेत, आणि पहिल्या रांगेत बसलेले आहेत. तेव्हा आजचे माझे बोलणे बव्हंशी त्यांच्या त्या एका प्रश्नाला उत्तर म्हणून आहे, असे आपण समजावे.

त्यांची म्हण खोटी आहे असे मी म्हणणार नाही. घरात, शाळेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत ती पुष्कळदा खरीच ठरते. परंतु प्रश्न विचारणारा बलिष्ठ असेल, दार बाहेरून बंद असेल, आणि कोणते उत्तर हवे आहे हे विचारणाऱ्याने आधीच ठरविलेले असेल, तर त्या म्हणीचे काय होते हे पाहावयास इतिहासाकडे जावे लागते. आणि हा इतिहास सुरू होतो एका कापडवाल्याच्या उमेदवारापासून.

जॉन लिलबर्न हे त्याचे नाव. लंडनमध्ये एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे तो शिकाऊ म्हणून होता. १६३७ सालच्या डिसेंबरात त्याला पकडण्यात आले तेव्हा त्याने पंचविशीही ओलांडलेली नव्हती. आरोप असा की, बिशपांची निंदा करणारी पुस्तके त्याने हॉलंडमध्ये छापवून चोरून इंग्लंडात आणली. पहिल्या चार्ल्स राजाचा तो काळ. राजाच्या मर्जीतील सरदार आणि न्यायाधीश मिळून एक न्यायसभा चालवीत असत. तिला स्टार चेंबर म्हणत. तेथे पंच नाहीत, ज्यूरी नाही. आरोपीला समोर उभा करून प्रथम शपथ घ्यावयास लावीत की, मला जे जे विचारले जाईल त्या सर्वांची मी खरी उत्तरे देईन. आरोप काय, आरोप करणारा कोण, विचारणार काय, हे सांगण्याच्या आधी ही शपथ. धर्मपीठांच्या चौकशीत ती पूर्वीपासून चालत आलेली होती.

या शपथेची गोम आपण लक्षात घ्या. त्या काळचा माणूस ईश्वराची शपथ म्हणजे पोरखेळ समजत नव्हता. शपथ घेऊन खोटे बोलावे तर आत्मा नरकात जातो. खरे बोलावे तर स्वतःच्या तोंडाने स्वतःला अडकवावे लागते. शपथच नाकारावी तर न्यायासनाचा अवमान केला म्हणून शिक्षा. तिन्ही वाटा बंद. अपराधी सापडो न सापडो, माणूस मात्र हमखास सापडावा, अशी ती योजना होती.

लिलबर्नने काही प्रश्नांची उत्तरे दिली. पण विचारणारे मूळ आरोप सोडून त्याच्या ओळखीच्या इतर माणसांकडे आणि इतर गोष्टींकडे वळू लागले, तेव्हा तो म्हणाला की, ज्या गोष्टीसाठी मला पकडले तिच्याविषयी विचारा, बाकीचे मी सांगण्यास बांधलेला नाही. आणि शपथ तर मी घेणारच नाही. त्याच्याबरोबर वॉर्टन नावाचा ऐंशी ओलांडलेला एक म्हातारा पुस्तकविक्याही उभा होता. त्यानेही शपथ नाकारली. फेब्रुवारी १६३८ मध्ये शिक्षा झाली : पाचशे पौंड दंड, आणि लिलबर्नला फटके. १८ एप्रिल १६३८ रोजी फ्लीट तुरुंगापासून वेस्टमिन्स्टरपर्यंत, गाडीच्या मागे बांधून, उघड्या पाठीवर गाठी मारलेल्या चाबकाचे फटके देत त्याला भर रस्त्याने नेले. शेवटी मान लाकडी खोड्यात अडकवून लोकांपुढे उभे केले. तर हा पठ्ठ्या त्या खोड्यातूनच बिशपांविरुद्ध भाषण करू लागला, आणि खिशांतील पुस्तिका काढून गर्दीत फेकू लागला! तेव्हा त्याच्या तोंडात बोळा कोंबण्यात आला. गप्प बसला म्हणून ज्याला फटके मारले, तो बोलू लागला म्हणून त्याचे तोंड बंद करण्यात आले. सत्तेला माणसाचे बोलणे हवे असते ते तिच्या सोयीने, हे दाखवावयास मला यापेक्षा चांगला प्रसंग ठाऊक नाही.

पुढे पार्लमेंट भरले. नोव्हेंबर १६४० मध्ये या तरुणाची कैफियत पार्लमेंटपुढे मांडणारा सभासद होता ऑलिव्हर क्रॉमवेल. मे १६४१ मध्ये कॉमन्स सभेने लिलबर्नची शिक्षा बेकायदा ठरविली, आणि त्याच वर्षी जुलैत स्टार चेंबर व धर्माचे उच्च न्यायासन ही दोन्ही कायद्याने मोडीत काढण्यात आली. ती शपथही गेली. आता गंमत पाहा. राजा गेला, क्रॉमवेलचे राज्य आले, आणि १६४९ साली त्या नव्या राज्यानेच याच लिलबर्नला राजद्रोहाच्या आरोपावरून उभे केले. त्याच्यापुढे पुस्तिका ठेवून विचारले, "हे हस्ताक्षर तुमचे काय?" त्याने उत्तर दिले नाही. माझ्याविरुद्धचा पुरावा तुम्ही द्या, तो मी का द्यावा, हाच त्याचा हेका. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. कोणत्याच राजवटीला न मानवणारी अशी काही माणसे असतात. त्यांच्या घरच्यांचे हाल होतात, पण पुढच्या पिढ्यांना त्यांचा उपयोग होतो.

येथे एक खुलासा केला पाहिजे. आमच्या विद्यार्थिदशेत असे शिकवीत की, लिलबर्न झाला आणि लगेच इंग्लंडात प्रत्येक आरोपीला मौनाचा हक्क मिळाला. अलीकडच्या संशोधकांनी ही समजूत खोडून काढली आहे, आणि ते मला पटते. कारण साधे आहे. गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला त्या काळी पूर्ण वकीलच करता येत नसे. ती मोकळीक १८३६ च्या कायद्याने मिळाली. ज्याच्या बाजूने बोलणारा दुसरा कोणी नाही, तो गप्प बसला तर फासावरच जावयाचा. म्हणजे तोंड बंद ठेवण्याचा हक्क खऱ्या अर्थाने केव्हा आला? तर आपल्या वतीने तोंड उघडणारा दुसरा माणूस शेजारी उभा राहिला तेव्हा. वकिलांची आपण पुष्कळ थट्टा करतो, मीही करतो. पण हा हक्क वकिलाच्या बोटाला धरून चालत आला आहे. १८४८ च्या कायद्याने मॅजिस्ट्रेटवर बंधन आले की, आरोपीला आधी सांगावे : बोलण्याची तुझ्यावर सक्ती नाही, आणि बोलशील ते लिहून घेतले जाईल. पोलिसांनीही अशी ताकीद द्यावी हे न्यायाधीशांनी १९१२ साली नियम करून घालून दिले.

आता आपल्याकडे वळू.

आपल्या जुन्या न्यायपद्धतीत साक्ष, लेख आणि भुक्ती, म्हणजे वहिवाट, हे पुरावे होते. ते नसतील तेव्हा दिव्य. याज्ञवल्क्यस्मृतीत तुळा, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. मराठेशाहीतही उकळत्या तुपातून किंवा तेलातून धातूचा रवा काढावयास लावीत, आणि हात भाजला की नाही यावरून निवाडा करीत. येथे माणसाला तोंडाने बोलावयास लावीत नसत, त्याच्या कातडीला बोलावयास लावीत. परंतु दिव्य हे निदान चारचौघांत, देवाच्या साक्षीने होई. कोठडीचा प्रकार निराळा. पुण्याच्या मंडळींना १७९१ सालची गोष्ट सांगावयास नको. घाशीराम कोतवालाने काही तेलंगी ब्राह्मणांना चोरीच्या संशयावरून अपुऱ्या जागेत डांबले, आणि रात्रीत त्यांपैकी वीसाहून अधिक गुदमरून मेले. शहर खवळले, पेशव्यांच्या वाड्यापुढे गर्दी लोटली, आणि घाशीरामाला दगडांनी ठेचून मारण्यात आले. या गोष्टीवर पुढे पुष्कळ लिहिले गेले, नाटक झाले. मला तिच्यात दिसते ते एवढेच की, कोतवालाच्या कोठडीत काय चालते याची दाद लावणारा कायदा नव्हता, म्हणून लोकांनी दगड उचलले. एकाच्या अन्यायाला दुसरा अन्याय हेच उत्तर उरले होते.

कंपनी सरकार आले आणि कायद्याचे राज्य आले, असे आपल्या आजोबा-पणजोबांना सांगण्यात आले. ते कितपत खरे होते, हे १८५५ सालच्या एका अहवालातून दिसते. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी आणि कबुलीसाठी रयतेचा छळ होतो अशी तक्रार १८५४ साली पार्लमेंटात झाली. मद्रास सरकारने इलियट, स्टोक्स आणि नॉर्टन अशा तिघांचे मंडळ नेमले. मंडळ बसताच तक्रारदारांची रीघ लागली. कित्येक जण शेकडो मैल पायी आले. १,९५९ तक्रारी दाखल झाल्या. काय काय प्रकार त्यांत आहेत! 'किट्टी' म्हणून लाकडाच्या दोन दांड्यांचा चिमटा असे, लिंबू पिळण्याच्या चिमट्यासारखा. त्यात बोटे घालून दाबीत. 'अनंदाळ' म्हणजे माणसाला वाकवून, डोके पायांशी बांधून उन्हात तसेच ठेवणे. डोळ्यांत मिरचीची पूड तर नेहमीचीच. आणि हे सारे गुन्हेगारांवर नव्हे. चार रुपये सारा थकला म्हणून शेतकऱ्यांवर. मग एकदा हात बसला की तोच हात चोरीच्या तपासाला.

मंडळाने छळ होतो हे मान्य केले, परंतु दोष टाकला तो एतद्देशीय नोकरांवर. युरोपियन अधिकाऱ्यांना मोकळे सोडले. सारा किती वसूल व्हावा हे ठरविणारा कोण होता, हा प्रश्न मंडळाने आपल्या मार्गातून अलगद बाजूला ठेवला. कार्ल मार्क्सच्या नजरेतून मात्र तो सुटला नाही. १८५७ च्या सप्टेंबरात, शिपायांच्या क्रौर्याच्या बातम्यांनी इंग्लंड संतापले असता, त्याने न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' पत्रात याच अहवालातील उतारे छापून विचारले की, ज्यांच्या राज्यात हे चालले त्यांना रयतेच्या रागाचे आश्चर्य वाटावे काय?

या अहवालातून दोन झाडे उगवली. एक १८६१ चा पोलीस कायदा. त्याने एका शिस्तीत बांधलेले पोलीसदल उभे केले. दुसरे त्याच साली झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील तीन कलमे. मला या दुसऱ्याविषयी बोलावयाचे आहे. पोलीस अंमलदारापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही. पोलिसांच्या ताब्यात असताना दुसऱ्या कोणापुढेही दिलेली चालणार नाही. मॅजिस्ट्रेट समक्ष हजर असेल तरच चालेल. हे जगातील पुष्कळ देशांत तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. इंग्लंडात पोलिसांपुढची कबुली, ती खुशीने दिली असेल तर, पुराव्यात येई. हिंदुस्थानात खुशीने दिली की मारून घेतली हा वादच नको, मुळीच नको, असे ठरले. इंग्रजांनी आपल्यावर विश्वास टाकला म्हणून हे केले असे नव्हे. त्यांचा स्वतःच्याच पोलिसांवर विश्वास नव्हता म्हणून केले. अविश्वासातूनही कधी कधी चांगला कायदा निघतो.

१८७२ साली ही कलमे पुराव्याच्या कायद्यात २५, २६, २७ या क्रमांकांनी गेली. तो कायदा लिहिला जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने. त्याने पुढे इंग्लंडच्या फौजदारी कायद्याचा इतिहास लिहिला. त्यात एक आठवण आहे. हिंदुस्थानातील पोलीस कैद्यांना का छळतात अशी चर्चा निघाली असता एका मुरलेल्या अंमलदाराने त्याला सांगितले की, यात क्रौर्यापेक्षा आळस अधिक आहे. उन्हातान्हात पुरावा शोधीत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून गरिबाच्या डोळ्यांत मिरची चोळणे सोपे. पहिल्या रांगेतील माझ्या स्नेह्यांनी हे ध्यानात ठेवावे. मौनाचा हक्क चोराच्या सोयीसाठी आहे असे त्यांना वाटते. वस्तुतः त्याचा पहिला परिणाम फौजदारावर होतो : त्याला खुर्चीतून उठून उन्हात जावे लागते.

आता ते कलम २७. भिंत बांधली आणि तिला एक दिंडी ठेवली, असे हे कलम आहे. आरोपीने पोलिसांना काही माहिती दिली आणि तिच्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी सरळ संबंध असेल तेवढी माहिती पुराव्यात यावी. युक्तिवाद असा की, वस्तू खोटे बोलत नाही. दिंडी लहान होती. पण आमच्या पोलिसांनी तीतून हत्ती न्यावयास सुरुवात केली. म्हणजे आरोपी सांगणार, "ज्या सुरीने मी अमक्याला भोसकले ती सुरी छपरात आहे", सुरी सापडणार, आणि सगळेच वाक्य कबुलीसह न्यायालयात शिरणार. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या पुलुकुरी कोटय्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हे बंद केले. निकाल देणारे सर जॉन बोमंट हे १९३० पासून १९४३ पर्यंत आपल्या मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते. इकडचे पंचनामे आणि इकडच्या सुऱ्या त्यांच्या पुरत्या परिचयाच्या होत्या. त्यांनी सांगितले की, सुरी छपरात आहे हे आरोपीला ठाऊक होते, एवढाच शोध लागला. सुरी ही वस्तू जगात आहे हा काही नवा शोध नव्हे. तिने कोणाला भोसकले ते निराळ्या पुराव्याने सिद्ध करा.

या कलमाखालच्या पंचनाम्याचा मला तरुणपणी एक अनुभव आला. नाव-गाव सांगत नाही. मी एका दुकानाच्या पायरीवर उभा होतो; एका शिपायाने "साहेब, जरा दोन मिनिटे पंच म्हणून या" म्हटले. गेलो. टेबलावर कागद होता, त्यावर सारा मजकूर लिहून तयार होता : आरोपीने आमच्यासमक्ष खुशीने निवेदन केले की, मुद्देमाल अमुक ठिकाणी लपविला आहे. आरोपी कोपऱ्यात उकिडवा बसला होता. त्याने माझ्यासमक्ष निवेदन सोडाच, मान सुद्धा वर केली नाही. दुसरे पंच आले होते, त्यांना चहा आला होता. ते तेथे नेहमीचे असावेत, कारण शिपाई त्यांना नावाने हाक मारीत होता. मी सही केली. केली, हे मी येथे लपवीत नाही. दोन मिनिटे म्हणून आलो होतो, घरी जाण्याची घाई होती, आणि खाकी कपड्यापुढे मलाही डर वाटली. माझी तर काहीच कर नव्हती.

शतकाच्या आरंभी लॉर्ड कर्झनने नेमलेल्या, फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील पोलीस कमिशनने १९०२-०३ मध्ये देशभर चौकशी केली आणि पोलीसदल अकार्यक्षम, लाचखाऊ व जुलमी असल्याचा स्पष्ट अभिप्राय दिला. दंडसंहितेत कबुलीसाठी मारहाण करणे हा अपराध १८६० पासूनच होता. कलम ३३० त्याचेच. आणि त्याखाली दिलेले पहिले उदाहरणच पोलीस अंमलदाराचे आहे. कायदे लिहिणाऱ्यांना आपला गिऱ्हाईक कोण हे माहीत होते. पण चौदावे रत्न दाखविल्याशिवाय तपास होत नाही हा पोलिसी खाक्या कायम राहिला, आणि खरे सांगावयाचे तर लोकांनाही तो पुष्कळसा मान्य होता. आपल्या घरी चोरी झाली की आपणच फौजदाराला म्हणतो, "जरा चांगला समाचार घ्या, म्हणजे ओकेल." हा दोष केवळ साहेबावर किंवा शिपायावर ढकलून आपल्याला हात झटकता येत नाहीत.

स्वातंत्र्य आले. घटनेच्या विसाव्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडात एक लहानसे वाक्य आले : अपराधाचा आरोप असलेल्या कोणावरही स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. अमेरिकेच्या घटनेत असेच वचन १७९१ मध्ये पाचव्या दुरुस्तीने घातलेले होते. परंतु मघाशी मी म्हटले की हा हक्क वकिलाचे बोट धरून चालतो. ते बोट आपल्या घटनेत कसे आले हे सांगण्यासारखे आहे. जीवित आणि स्वातंत्र्य यांविषयीच्या अनुच्छेदात घटनासमितीने 'कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती' एवढेच शब्द ठेवले, आणि त्यावर फार टीका झाली की, याने सरकारला रान मोकळे मिळाले. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी एक नवा अनुच्छेद मांडला आणि मोकळेपणाने सांगितले की, जे गेले त्याची काही भरपाई म्हणून हा आहे. अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. आजचा बावीसावा अनुच्छेद तो हाच. आपला हट्ट पुरा झाला नाही म्हणून रुसून न बसता दुसऱ्या दाराने तीच गोष्ट आत आणणे, हे त्या माणसाचे कसब होते.

न्यायालयांनी या लहानशा वाक्याचा अर्थ लावण्यात बरीच वर्षे घालविली. १९६१ साली अकरा न्यायमूर्तींपुढे 'मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड' हा खटला आला. तोवर मुंबई राज्याची दोन राज्ये झाली होती, पण खटल्याने जुने नाव सोडले नाही. प्रश्न असा की, आरोपीच्या बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचे नमुने सक्तीने घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्षीदार करणे काय? न्यायालयाने नाही म्हटले. ठसा हा माणसाजवळ आहेच, तो काही सांगत नाही. सक्तीला मनाई आहे ती माणसाने आपल्या मनातले सांगण्याविषयी. लिलबर्नला हे हस्ताक्षराचे पटले असते असे मला वाटत नाही. पुढे २०१० साली सेल्वीच्या खटल्यात न्यायालयाने ठरविले की, औषध टोचून गुंगीत बोलावयास लावणे, किंवा खोटे पकडण्याचे यंत्र लावणे, हे माणसाच्या संमतीवाचून करता येणार नाही. मिरचीची जागा सुईने घेतली तरी मनातले सक्तीने काढणे ते तेच.

परंतु पोलीस चौकीतील प्रश्नोत्तरांपर्यंत हा हक्क पोचला तो एका बाईंमुळे. नंदिनी सत्पथी या ओडिया लेखिका, आणि १९७२ ते ७६ ओरिसाच्या मुख्यमंत्री. सत्ता गेल्यावर १९७७ साली भ्रष्टाचाराच्या आरोपावरून त्यांना कटकच्या दक्षता पोलीस ठाण्यात बोलावण्यात आले, आणि लेखी प्रश्नांची एक लांब यादी त्यांच्या हाती देण्यात आली. त्यांनी उत्तरे देण्याचे नाकारले. सरकारी नोकराच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही म्हणून त्यांच्यावर दंडसंहितेच्या १७९ कलमाखाली खटला भरला. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. एप्रिल १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिला. पीठावर त्यांच्यासमवेत मुंबई हायकोर्टातून गेलेले न्यायमूर्ती तुळजापूरकरही होते. न्यायालय म्हणाले की, घटनेचे हे संरक्षण न्यायालयाच्या पायरीवर सुरू होत नाही, ते पोलिसांच्या चौकशीतच सुरू होते. ज्या उत्तराने आपण गुन्ह्यात गोवले जाऊ असे वाजवी भय आहे, ते उत्तर न देण्याचा हक्क आहे, मग तो गुन्हा दुसराच का असेना. सक्ती म्हणजे केवळ मारहाण नव्हे. धमकावणे, थकविणे, तासन् तास एकाच प्रश्नाने मनाला भोके पाडणे हीही सक्तीच. मात्र ज्या उत्तरांत असे भय नाही ती दिली पाहिजेत. आणि स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यावर बोलावता येत नाही, तिच्या घरी जावे लागते, हा कायदा विसरल्याबद्दल पोलिसांची कानउघाडणीही झाली. बाईंनी निरुपद्रवी प्रश्नांची उत्तरे देण्याचे कबूल केले आणि खटला संपला.

निकाल उत्तम. पण एक शंका मला नेहमी येते. ही माजी मुख्यमंत्री होती म्हणून दिल्लीपर्यंत पोचली. पाकीटमारीच्या संशयावरून उचललेल्या पोराला कोणत्या प्रश्नाचे उत्तर गोवणारे आणि कोणत्याचे निरुपद्रवी, हे कोण सांगणार? अमेरिकेत १९६६ साली मिरांडा याच्या खटल्यात असे ठरले की, प्रश्न विचारण्यापूर्वी पोलिसांनीच सांगितले पाहिजे की, तुला गप्प बसण्याचा आणि वकील मिळण्याचा हक्क आहे. नऊ न्यायमूर्तींत पाच विरुद्ध चार असा तो निसटता निकाल होता. फेरखटल्यात कबुलीवाचूनही मिरांडा दोषी ठरलाच, हे विरोधकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. उलट इंग्लंडात, म्हणजे लिलबर्नच्याच देशात, १९९४ च्या कायद्याने आरोपीच्या मौनावरून प्रतिकूल अनुमान काढण्यास वाट करून दिली. म्हणजे हा हक्क कोठेही एकदा मिळाला की कायमचा झाला, असे नाही.

आपल्याकडेही नाही. १८६१ ची ती भिंत दहशतवादाच्या काळात फुटली. १९८७ च्या टाडा कायद्याने पोलीस सुपरिंटेंडेंटच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुली पुराव्यात घेण्यास परवानगी दिली. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम टिकविले. पाचांपैकी दोघा न्यायमूर्तींचे मत मात्र विरुद्ध पडले. टाडा १९९५ मध्ये संपला, पोटा २००४ मध्ये रद्द झाला. परंतु महाराष्ट्राने १९९९ साली संघटित गुन्हेगारीविरुद्ध जो कायदा केला, ज्याला आपण 'मोक्का' म्हणतो, त्यात तेच कलम आहे आणि ते चालू आहे. टोळ्यांनी मुंबईत काय मांडले होते हे ज्यांना आठवते ते या कायद्याला सहज नावे ठेवणार नाहीत. साक्षीदार पुढे येत नव्हते, हे खरे आहे.

त्याची दुसरी बाजू २१ जुलै २०२५ रोजी दिसली. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली. त्या खटल्यात मोक्काखालच्या कबुल्यांवर मोठी भिस्त होती. मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरविले. कबुल्या छळ करून घेतलेल्या दिसतात आणि त्यांतील मजकूर एकमेकींत जसाच्या तसा उतरलेला आहे, असे म्हटले. एक जण निकालापूर्वी तुरुंगातच वारला होता. २४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, हा निकाल इतर खटल्यांत नजीर धरू नये. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठविले नाही. त्या गाड्यांत ज्यांची माणसे गेली, त्यांनी एकोणीस वर्षांनी हा निकाल वर्तमानपत्रात वाचला. त्यांच्या दुःखाला कोणत्याही कलमाने उत्तर मिळत नाही. पण उन्हात हिंडून जमविलेला पुरावा हाती असता तर त्यांना कबुलीच्या कागदावर विसंबावे लागले नसते.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. पुराव्याच्या कायद्यातील २५, २६ आणि २७ ही कलमे आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमात एकत्र बसली आहेत. भिंत आहे, दिंडीही आहे.

शेवटी एक प्रसंग सांगतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जिवंत पकडलेला अजमल कसाब याने मॅजिस्ट्रेटपुढे कबुली द्यावयाची इच्छा दर्शविली. हातात बंदूक घेतलेले त्याचे छायाचित्र सर्व जगाने पाहिले होते. त्याच्या मौनाच्या हक्काची फिकीर करावी असे त्या वेळी या शहरात किती जणांना वाटले असते? फेब्रुवारी २००९ मध्ये त्याला मुंबईच्या एका महिला मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले. त्यांनी त्याला सांगितले की, तुझ्यावर सक्ती नाही, बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरले जाईल. आणि लगेच लिहून न घेता विचार करावयास परत पाठविले. पुन्हा आला, पुन्हा तेच समजावून आणखी वेळ दिला. मगच कबुली लिहून घेतली. पुढे त्याने ती नाकारली तेव्हा, २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती खुशीने दिलेली आहे असे ठरविताना बाईंनी घेतलेल्या या खबरदारीकडे बोट दाखविले. आणि त्याच निकालात देशातील प्रत्येक मॅजिस्ट्रेटवर बंधन घातले की, पकडलेला माणूस प्रथम समोर येताच त्याला सांगावे : तुला वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि पैसे नसतील तर सरकारी खर्चाने मिळेल.